आंटींचे रविवार

"तुम्ही खा, मी बघते," असं म्हणून आंटी आपल्या पुढ्यातली बशी उचलायच्या आणि आम्हा तिघींच्या मध्ये सरकवायच्या. मग खुर्ची थोडी मागे घेऊन, हातरुमाल ओठांशी धरून बसायच्या. आम्ही पहिला घास घेतला की विचारायच्या, "कसं आहे? खरं सांगा."

त्यांना खरंच उत्तर हवं असायचं. नुसतं 'मस्त' म्हटलेलं चालायचं नाही. मीठ बरोबर आहे का, मसाला कच्चा लागतोय का, मासा आजचा आहे की कालचा, असं एकेक विचारून घ्यायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांना स्वतः जेवण्यापेक्षा दुसऱ्याला जेवताना बघण्यात जास्त रस असतो. आम्ही आंटींना त्यांच्यातच धरून चाललो होतो. तिथेच आमचं चुकलं.

मी हिंगोलीहून विरारला आले ती दिवाळी संपता संपता. वसई पूर्वेला बॉलपेन बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर नोकरी लागली होती. दिवसभर कागदावर गोल काढायचे आणि पेन अडखळतं का ते बघायचं. त्याच आठवड्यात चिपळूणची उज्ज्वला आणि अकोल्याची रेश्माही लागल्या. तिघींनी मिळून मनवेलपाड्यात एक खोली घेतली. गॅस यायचा होता. सकाळी वडापाव, दुपारी डब्यात बिस्किटं आणि संध्याकाळी पुन्हा वडापाव असं चाललं होतं. शहरात ओळखीचं कोणी नव्हतं. रविवारी तर आम्ही तिघी तीन कोपऱ्यांत पडून आपापल्या घरी फोन करायचो, आणि फोन ठेवला की एकमेकींशी बोलायचो नाही.

आंटी कंपनीचं स्टोअर सांभाळायच्या. पन्नाशीच्या, काटक, वटार गावातल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. त्यांच्याकडे कागदाचे गठ्ठे मागायला गेले तेव्हा माझा डबा माझ्या हातातच होता. त्यांनी झाकण उचललं.

"हे जेवण आहे?"

"गॅस नाही अजून, मॅडम."

"मॅडम नको, आंटी म्हण. रविवारी काय करता तुम्ही पोरी?"

"काही नाही."

"मग अकराला आगाशीच्या बसमध्ये बसा. मी थांब्यावर असते."

त्या स्कूटर घेऊन थांब्यावर आधीच उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला एका भुजिंगच्या दुकानात नेलं. कोळशावर भाजलेली कोंबडी पोह्यांबरोबर आणि बटाट्याबरोबर मसाल्यात घोळवून देतात, ते भुजिंग. रेश्माने आधी नाक मुरडलं. "कोंबडीत पोहे?" ती म्हणाली आणि पोहे कडेला सारू लागली. आंटींनी तिचा हात धरला. "पोहे टाकू नकोस. सगळी चव त्यांनीच ओढलेली असते." रेश्माने एक चमचा खाल्ला आणि मग कडेला सारलेले सगळे पोहे वेचून संपवले. आंटी तिच्याकडे इतक्या समाधानाने बघत होत्या की मला आईची आठवण आली.

तेव्हापासून आमचे रविवार त्यांचे झाले. वसई गावातली बेकरी, जिथे सकाळी आठच्या आत गेलं तरच कडक पाव मिळतो. विरार स्टेशनच्या पलीकडची थाळी. चिंचोटीच्या बाजूला हमरस्त्यावरचा धाबा, जिथे आम्ही धबधब्याला जायचा हट्ट धरला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "दर पावसाळ्यात कोणाचं तरी पोर तिथेच बुडून राहतं. जेवायला आलोय, जेवून परत जाऊ." अर्नाळ्याची खानावळ, जिथली कोळीण बाई पातेल्यावरून हात न काढता ओरडायची, "पानी कोनाला पायजे?"

प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट ठरलेली. आंटी पुढच्या दाराने आत येतच नसत. आम्हाला पुढून आत पाठवून त्या मागून स्वयंपाकघरात जायच्या, आत हसण्याबोलण्याचा आवाज यायचा, आणि मग मेनूकार्डात नसलेल्या कुठल्या तरी पदार्थाची बशी हातात घेऊन बाहेर यायच्या. असं का, ते त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांचे यजमान टेंपोने या हॉटेलांना केळीची पानं आणि भाजी पोचवायचे. ते अचानक गेले तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. मग काही वर्षं आंटी पहाटे त्याच टेंपोवर ड्रायव्हर ठेवून स्वतः माल पोचवायला जायच्या आणि तिथून कंपनीत. "सगळ्या हॉटेलांची मागची दारं मला माहीत," त्या म्हणाल्या. "पुढच्या बाजूला टेबलं कशी लावली आहेत, ते तुमच्याबरोबर बघते आहे."

आम्ही हसलो. त्याही हसल्या, रुमाल तोंडावर धरून.

त्या स्वतः काय खायच्या? थंड ताक, कुस्करलेलं केळं, कधी दहीभात, तोही चमच्याच्या टोकावर. विचारलं तर ऍसिडिटी. नाताळाच्या आधी विचारलं तर म्हणाल्या, सध्या बरं नाही. ईस्टरच्या आधी म्हणाल्या, उपवासकाळ आहे. मिसळीचा एक थेंब जिभेला लागला तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यांचं बोलणं दातांच्या फटीतून आल्यासारखं असायचं. आम्हाला ती वटारची ढब वाटायची. फोनवर त्या घरच्या बोलीत बोलायच्या, ती आम्हाला अर्धी कळायची. त्यामुळे उच्चारांबद्दल आम्ही काय बोलणार.

आणि त्या सुपारी खायच्या. कंपनीच्या फाटकासमोरच्या टपरीवर मिळणारी, वासाची, छोट्या पुडीतली. स्टोअर सोडून जाता येत नाही म्हणून पुड्या मी आणून द्यायचे. जेवणाच्या सुट्टीत एक, चारच्या चहाला एक. हे मी कोणी विचारलेलं नसताना लिहिते आहे, कारण ते सोडून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

एकदा स्टोअरमध्ये खोकी मोजताना त्यांना जांभई आली आणि अर्ध्यातच त्या गाल दाबून खाली बसल्या. मी जवळच होते. जबडा उघडताना कुठेतरी अडला होता. गालाच्या आत, ओठाच्या कडेला, पांढरट ताणलेलं काहीतरी दिसलं. त्यांनी लगेच रुमाल लावला. "दाढ," त्या म्हणाल्या. टपरीवर शेजारीच टांगलेल्या तंबाखूच्या पुड्यांवर कुजलेल्या तोंडाचं चित्र छापलेलं असतं, ते मी रोज बघत होते. तरी मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्या रागावल्या असत्या, आणि रागावल्या असत्या तर रविवार गेले असते. त्या अनोळखी शहरात माझ्याकडे तेवढाच एक दिवस होता. तेव्हा मी स्वतःशी हे इतकं स्पष्ट मान्य केलं नव्हतं. आता करते.

अर्नाळ्याला ते उघड झालं. ऑक्टोबर होता, खानावळीत गर्दी नव्हती. ती कोळीण बाई आंटींची टेंपोच्या दिवसांपासूनची मैत्रीण. आम्हाला वाढून झाल्यावर ती तव्यावरचा पापलेटचा तुकडा घेऊन आली, काटा काढला, आणि आंटींच्या तोंडाशी धरला.

"तू कधी खात नाय माझ्याकडे. आज खायचं."

"नको ग. पोट—"

"पोट नाय नि बिट नाय. आ कर."

आंटींनी तोंड उघडलं. जेमतेम एका बोटाएवढं उघडलं. तो तुकडा दातांवर आपटून मांडीवर पडला. मसाला ओठांच्या आत लागला असावा, कारण त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. बाईने हात पुसला आणि त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"कधीपासून असं?"

"सोड."

"माझ्या दिराचं असंच होतं. डॉक्टर बोलला, तीन बोटं उभी जायला पायजेत. तुझं एक पन जात नाय. कोनाला दाखवलंस?"

आंटी उठल्या. आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "जेवून घ्या. बस दोनची आहे." थोड्या वेळाने स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. आमची ताटं भरलेली होती. कोळीण बाई आमच्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "तुमी तिच्या बरोबर रोज असता ना? तुमाला दिसलं नाय?"

रेश्मा आणि उज्ज्वलाने खरोखरच नाही म्हणून मान हलवली. मीही हलवली.

पुढच्या शनिवारी मी एकटी वटारला गेले. त्यांचं घर रस्त्यापासून आत, केळीच्या बागेत. मागे बावखल होतं, बागेला पाणी देणारं छोटं तळं. त्याच्या काठावर बसून त्या फुलांच्या पुड्या बांधत होत्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"बस. चहा घेशील?"

"आंटी, डॉक्टरकडे जाऊ या. मी येते बरोबर."

त्यांनी दोरा तोडला. मग शांतपणे सांगितलं, जणू दुसऱ्या कोणाबद्दल सांगत होत्या. यजमान गेल्यावर त्या कंपनीत मशीनवर उभ्या राहायच्या. डबा मुलाला द्यायचा तर स्वतःला पुरत नसे. बरोबरच्या एका बाईने सुपारी दिली. "भूक मरते ग तिने. दुपार निघून जाते. पुढे भूक होती तेव्हा डबाही होता, पण सवय राहिली. मुलगा जहाजावर लागला, मला वाटलं आता एकेका हॉटेलात पुढच्या दाराने जाऊ. तोवर हे असं झालं. तिखट चालेना, मग कडक चालेना. मग तुम्ही आलात."

"म्हणून आम्हाला नेत होता?"

"तुम्ही जेवताना मला बरं वाटायचं. त्यात वाईट काय आहे?"

मला रडू येत होतं, पण त्या रडत नव्हत्या म्हणून मी आवरलं. त्यांनी मग मुद्द्याचं सांगितलं. मुलगा डिसेंबरात येणार होता, जानेवारीत त्याचं लग्न होतं. "आता डॉक्टरकडे गेले आणि त्याने काही वाईट सांगितलं, तर हा लग्न पुढे ढकलणार. मी ओळखते त्याला. दोन-अडीच महिन्यांचा प्रश्न आहे. इतकी वर्षं काही झालं नाही. लग्न होऊ दे, दुसऱ्या दिवशी तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येते. पण तोवर त्याला कळता कामा नये. बोल, सांगणार नाहीस."

"नाही सांगणार."

त्यांनी पर्समधून सुपारीच्या दोन पुड्या काढून माझ्या हातात ठेवल्या. "आजपासून बंद. टाकून दे." परत येताना मला खूप हलकं वाटत होतं. वाटलं, अर्धं काम तर झालं.

उज्ज्वलाला मी सगळं सांगितलं. ती ऐकून भडकली. "मुलाला कळव. आत्ता. त्याचा नंबर काढू आपण ऑफिसमधून."

"मी शब्द दिलाय."

"तुझा शब्द महत्त्वाचा की त्या?"

आम्ही दोन दिवस भांडलो. तिसऱ्या दिवशी ती थकली आणि म्हणाली, "ठीक आहे, तुझ्यावर सोडते." तिने सोडलं आणि मी थांबले. त्या दोन दिवसांत मी एवढ्या जोरात कशाचं रक्षण करत होते, हा प्रश्न मला पुढे बरेच महिने पडला.

रविवार चालू राहिले, पण आमची चव गेली. अर्नाळ्याचं नाव कोणी काढलं नाही. ताटापलीकडे आंटी बसलेल्या असायच्या आणि त्यांनी "मीठ कसं आहे?" विचारलं की आम्ही नुसतं 'मस्त' म्हणायचो. उज्ज्वला यायची बंद झाली. डिसेंबरात मला कळलं की सुपारी बंद झालीच नव्हती. पुड्या आता रेश्मा आणून देत होती. हे मला कळता कामा नये, असं आंटींनी तिला बजावलं होतं.

लग्न छान झालं. चर्चमधला मिस्साविधी संपल्यावर हॉलमध्ये आंटी मोरपंखी साडीत इकडून तिकडे पळत होत्या, प्रत्येकाच्या ताटात वाढत होत्या. फोटोवाला म्हणाला, "हसा," तेव्हा त्यांनी ओठ मिटूनच फोटो दिला. सगळ्यांना वाटलं, मुलाच्या लग्नात आया अशाच गंभीर होतात.

त्यांनी शब्द पाळला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नाही, पण त्याच आठवड्यात माझ्याबरोबर डॉक्टरकडे आल्या. गालातला तुकडा तपासायला पाठवला. उत्तर आलं तेव्हा मुलगा बरोबर होता, मी बाहेर बाकावर होते. पुढे मोठं ऑपरेशन झालं, जबड्याची एक बाजू काढली, मग विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन. मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, अडीच महिने आधी आलो असतो तर? त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "आधी येणं केव्हाही चांगलं. पण त्यांच्या बाबतीत काय झालं असतं, ते कोणीच सांगू शकणार नाही." त्या उत्तराने मला सुटकाही दिली नाही आणि शिक्षाही.

आंटी कोणाला भेटत नव्हत्या. जुलैत त्यांच्या सुनेचा फोन आला, त्यांनी तुला बोलावलंय. त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा ओढणीत गुंडाळलेला, नाकातून नळी, फक्त डोळे ओळखीचे. बोलता येत नव्हतं. मोबाइलवर टाइप करून त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"या रविवारी कुठे गेलात?"

आम्ही कुठेच गेलो नव्हतो. रेश्मा नवी नोकरी धरून पुण्याला गेली होती, उज्ज्वला माझ्याशी कामापुरतं बोलत होती. पण त्या डोळ्यांकडे बघून मला ते सांगवेना. मी म्हटलं, "अर्नाळ्याला." मग बोलतच सुटले. पापलेट कसं ताजं होतं, मसाला खमंग होता, मीठ एक कण जास्त होतं, बाईने तुमची आठवण काढली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी हळूहळू टाइप केलं.

"पावसाळा आहे. होड्या बंद आहेत. ताजं पापलेट कुठून? खरं सांग."

मी मान खाली घातली. "आम्ही कुठेच जात नाही आंटी."

मोबाइल पुन्हा माझ्यापुढे आला. त्यावर एकच शब्द होता. "जा."

निघा असं म्हणत होत्या की जेवायला जात जा असं, ते मला कळलं नाही आणि विचारवलंही नाही. सून औषध घेऊन आली, मी उठले. त्यानंतर पाच आठवड्यांनी त्या गेल्या.

महिन्याच्या मिस्साला मी वटारला गेले. मिस्सानंतर घरामागे जेवण होतं, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि ताटं मांडीवर. मी कडेला बसले होते. आंटींचा मुलगा पाहुण्यांना विचारत विचारत माझ्यापर्यंत आला आणि थांबला.

"तू ममाबरोबर डॉक्टरकडे गेली होतीस ना? तुला आधीपासून माहीत होतं?"

इतके दिवस मी या प्रश्नाची वाट बघत होते. वेगवेगळी उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही दिलं नाही.

"हो. ऑक्टोबरपासून. लग्न होईपर्यंत तुम्हाला सांगायचं नाही, असा त्यांनी शब्द घेतला होता. सुपारीही मीच आणून द्यायचे त्यांना, आधी."

त्याच्या हातातला पाण्याचा जग वाकडा झाला होता आणि थोडं पाणी त्याच्या चपलेवर सांडत होतं. माझी खात्री होती की आता तो मला जायला सांगेल.

"मी डिसेंबरात उतरलो," तो म्हणाला, "तेव्हा ती विमानतळावर आली होती. मला बघून हसायला गेली, तेव्हाच दिसलं मला. जहाजावर आम्हाला सगळ्यांना याचे व्हिडिओ दाखवतात. तिने दाढ म्हणून सांगितलं. मी म्हटलं, बरं, दाढ. पत्रिका वाटायच्या होत्या, हॉलचं बघायचं होतं. मी परत विचारलं नाही."

त्याने जग खाली ठेवला, शेजारची खुर्ची ओढली आणि बसला. त्याची बायको भाताचं पातेलं घेऊन त्या ओळीत येत होती. तिने आधी त्याला एक रिकामं ताट दिलं, त्यात भात वाढला, वर कालवण घातलं, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "अजून देऊ?"

मी ताट पुढे केलं. मग आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून जेवलो.